सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत येताना : नियमांमागचा इतिहास

सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, म्हणजे एसव्हीपी, ही गरजूंच्या घरी जाऊन मदत करणारी कॅथलिक संघटना. तिच्यात नव्याने येणाऱ्याला पहिली अडचण वाटते ती शिस्तीची. गरजूच्या घरी एकट्याने जायचं नाही, दर आठवड्याची सभा चुकवायची नाही, घरात जे पाहिलं ते सभेबाहेर बोलायचं नाही. हे नियम कुठून आले ते कळलं की ते जाचक वाटत नाहीत.

१८३२ साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसं दगावली. तिथल्या विद्यार्थ्यांच्या एका वादसभेत विरोधकांनी कॅथलिक तरुणांना विचारलं की तुमचा धर्म आज गरिबांसाठी करतो काय? फ्रेडरिक ओझानाम या तरुणाला तो प्रश्न झोंबला. २३ एप्रिल १८३३ रोजी, त्याच्या विसाव्या वाढदिवशी, तो आणि त्याचे सोबती संपादक एम्मान्युएल बाय्यी यांच्याकडे जमले आणि ही सोसायटी सुरू झाली. बाय्यी पहिले अध्यक्ष झाले. पण मदत द्यायची कुणाला आणि कशी, हे या पोरांना ठाऊक नव्हतं. ते शिकवलं सिस्टर रोझाली रांदू यांनी. मुफतार वस्तीतली घरं त्यांनीच दाखवली, आणि पाव-कोळशाच्या चिठ्ठ्याही सुरुवातीला त्यांच्याकडूनच मिळाल्या. रोख पैशाऐवजी वस्तू देण्याची पद्धत इतकी जुनी आहे.

सभासद शंभरावर गेले तेव्हा गट फोडायचा की नाही यावर कडाक्याचा वाद झाला. अखेर १८३५ साली धर्मग्रामानुसार (पॅरिशनुसार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनुसार) वेगळे गट झाले आणि त्याच वर्षी पहिली नियमावली आली. आजही कॉन्फरन्स, म्हणजे सोसायटीचा स्थानिक गट, बहुधा धर्मग्रामानुसारच असते. ती प्रापंचिक माणसं चालवतात. धर्मगुरू आध्यात्मिक सल्लागार असतात, अध्यक्ष नव्हे. अनेक ठिकाणी सगळं फादरांवर सोपवलं जातं. मग त्यांची बदली झाली की गट विस्कटतो.

त्याच शतकातली दुसरी वाट पुढे अमेरिकेत दिसते. कॅथलिकांना फ्रीमेसन या आपसांत मदत करणाऱ्या गुप्त बंधुसंघटनेच्या लॉजमध्ये (शाखेत) जायला चर्चची १७३८ पासून मनाई होती. घरचा कर्ता गेला की कामगारांची कुटुंबं उघड्यावर पडत. म्हणून फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी १८८२ मध्ये न्यू हेवनला 'नाइट्स ऑफ कोलंबस' ही पुरुषांची संघटना उभारली. तिचा पाया सभासदांच्या विधवा-मुलांसाठीचा विमा. एसव्हीपीत सभासदाला असा कोणताही लाभ नाही, हे येणाऱ्याने आधीच ओळखावं.

सोलापूर पुणे धर्मप्रांतात (बिशपांच्या कार्यक्षेत्रात) येतं. इथे सामील व्हायचं तर फादरांना किंवा कॉन्फरन्सच्या अध्यक्षांना भेटावं, काही आठवडे सभेला नुसतं बसावं, मग जुन्या सभासदाबरोबर घरभेटीला जावं. जोडी लावताना भाषा पाहावी: शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारा एक जण हवाच, आणि काही घरांत कन्नडशिवाय भागत नाही. बिड्या वळणारी बाई माल पोचता करायच्या घाईत असताना तिच्याकडे जाऊ नये. कामही अडतं आणि बोलणंही होत नाही.

पहिल्या भेटीत कबूल काहीच करायचं नाही. घरात कमावतं कोण, औषधं कोणती, शाळेची फी किती थकली, रेशनकार्डावर धान्य मिळतं का, एवढं समजून घ्यावं. मदत किती आणि किती महिने, हे सभा ठरवते. एकट्याने भावनेच्या भरात दिलेला शब्द पुढे कॉन्फरन्सला निभावता येत नाही आणि त्या घराचा भरवसा तुटतो. पिशवी देतानाचे फोटो तर काढूच नयेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांत ते घर उघडं पडतं.

सभेत गुप्त थैली फिरते. कुणी किती टाकलं हे कुणाला कळत नाही, आणि म्हणूनच तुटपुंज्या पगारावरचा माणूसही इथे बरोबरीने बसतो.

पुरुषांपुरती असलेली ही सोसायटी १९६७ पासून स्त्रियांनाही खुली आहे. बाळंतीण किंवा एकटी बाई असलेल्या घरी जोडीत एक स्त्री असेल तरच नीट बोलणं होतं. तेव्हा नवरा-बायको दोघांनी मिळून नाव द्यावं.