युद्धकालीन लिफाफे, गुलामगिरीविरोधी (अमेरिका)

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) उत्तरेकडील (गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांविरुद्ध लढणाऱ्या राज्यांतील) मुद्रकांनी छापलेल्या सचित्र टपाल लिफाफ्यांपैकी गुलामगिरीचा निषेध किंवा गुलाममालकांचा उपहास करणारे लिफाफे. देशाभिमान व्यक्त करणाऱ्या या लिफाफ्यांचे हजारो नमुने निघाले. त्यांत राष्ट्रध्वज, गरुड, स्वातंत्र्यदेवता आणि सेनानी यांचीच चित्रे अधिक होती. गुलामगिरीवर थेट भाष्य करणारे नमुने त्या मानाने थोडे असले, तरी उत्तरेचे लोकमत कोणीकडे वळत होते हे जाणून घेण्यासाठी तेच अधिक मोलाचे आहेत.

१८४५ पर्यंत अमेरिकेत टपालखर्च कागदांच्या संख्येवर आकारला जात असल्याने लिफाफा म्हणजे जादा कागदाचा भुर्दंड होता. वजनावर आकारणी सुरू झाल्यावर लिफाफे रूढ झाले आणि त्यांवरील मोकळ्या जागेचा उपयोग मद्यपानबंदी, गुलाममुक्ती अशा चळवळी प्रचारासाठी करू लागल्या. युद्ध पेटताच मुद्रकांनी हाच प्रकार उचलला.

मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम व्हर्जिनियातील मन्रो किल्ल्यावर संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्याच्या आश्रयाला आले. दक्षिणेच्या सैन्याने त्यांना तटबंदीच्या कामाला जुंपले होते; म्हणून जनरल बेंजामिन बटलर यांनी त्यांना युद्धातील जप्तीयोग्य शत्रुमाल ठरवून परत पाठवण्यास नकार दिला. हा निर्णय लवकरच लिफाफ्यांवर उमटला. एका प्रसिद्ध चित्रात मालक चाबूक उगारून ‘परत ये’ असे ओरडत आहे आणि पळून आलेला गुलाम आपण आता जप्तीचा माल असल्याचे सांगून त्याला वेडावत आहे. जुलैमध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) गुलामगिरीत हस्तक्षेप करणे हा युद्धाचा हेतू नसल्याचा ठराव केला, हे लक्षात घेता या चित्रांचे धाडस उठून दिसते.

तथापि ते धाडस अपुरे होते. कृष्णवर्णीयांचे चेहरे विद्रूप रेखाटलेले आणि त्यांच्या तोंडी मोडकी बोली घातलेली असे. मालकाची फजिती रंगवण्यात चित्रकाराला जेवढा रस होता, तेवढा पळून येणाऱ्याने पत्करलेल्या जिवाच्या धोक्यात नव्हता. ज्यांच्या सुटकेचा हा प्रश्न होता, त्यांनाच हास्यास्पद ठरवणारी ही सहानुभूती गुलामगिरीला विरोध करूनही वर्णद्वेष कसा टिकून राहतो याचा स्पष्ट पुरावा आहे.

जून १८६१ पासून उत्तर-दक्षिण टपालव्यवहार तुटल्यामुळे ज्यांचा उपहास केला, त्या मालकांच्या हाती हे लिफाफे सहसा पडतच नव्हते. त्यांचे खरे वाचक म्हणजे उत्तरेतील सैनिक आणि त्यांची कुटुंबे. अनेकांनी ते पत्रासाठी न वापरता संग्रहवह्यांत जपले, म्हणून कोरे नमुने आजही मोठ्या संख्येने आढळतात. ही छपाई मुख्यतः १८६१–६२ मध्ये झाली. १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची गुलामांच्या मुक्तीची घोषणा अमलात आली, तेव्हा या लिफाफ्यांची लाट ओसरली होती. वॉशिंग्टन येथील काँग्रेस ग्रंथालयात त्यांचा संग्रह आहे.