मायलेकरांच्या ताटातुटीची ऐतिहासिक कथा (विदर्भ)

विदर्भातल्या खेड्यांत घडणारी, माय आणि लेकरू यांच्या ताटातुटीभोवती रचलेली ऐतिहासिक कथा-कादंबरी. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले, तेव्हापासून १९६० पर्यंतचा काळ तिला मोठा आधार देतो. निव्वळ योगायोगाने, जत्रेत हात सुटून झालेली ताटातूट इथे लंगडी पडते. मायलेकरांना तोडणारी कारणे त्या काळात भरपूर होती, आणि त्यांतली बरीच कागदावर उतरलेली आहेत.

सर्वांत ठळक कारण दुष्काळ. १८९६-९७ चा तडाखा मध्य प्रांताला (नागपूर ज्यात होते तो इंग्रजी मुलूख), तर १८९९-१९०० चा वऱ्हाडलाही बसला. माणसे सरकारी कामावर गिट्टी फोडायला जात. तिथल्या गर्दीत पटकी शिरली की मागे पोरकी मुले उरत. १८९६-९७ मध्ये पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व विधवा नेल्या. पुण्याजवळच्या केडगावची त्यांची वसाहत यातूनच वाढली. अशा मुलीची आई जिवंत असेल तर? कथेचे बी इथे सापडते.

दुसरे कारण पाट, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न. विधवेने पाट लावला की पहिल्या नवऱ्याचे लेकरू त्याच्याच घरी राही. अंगावर पिणारे मूल अनेक जातींत आईबरोबर जाई आणि मोठे झाले की परत मागितले जाई. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याच्या तिसऱ्या कलमाने, बापाने मृत्युपत्रात पालक नेमला नसेल तर त्याच्या नातेवाइकांना पालक नेमण्यासाठी कोर्टात अर्ज करता येई. खेड्यात मात्र निवाडा भावकीच करत असे. वऱ्हाड कायद्याने निजामाचाच मुलूख राहिला होता, म्हणून नागपूरकडचा कायदा तिथे सरसकट लावू नये.

लेखकाचे मुख्य साधन कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही. त्यातल्या जन्माच्या नोंदीत बापाचे नाव आणि जात असते. मुलाच्या नावाच्या जागी पुष्कळदा फक्त ‘मुलगी झाली’ एवढेच. आईचे नाव सहसा नसतेच. ज्या बाईने नऊ महिने वाहिले, तिला शोधायला कागद उपयोगी पडत नाही, आणि कादंबरीचे खरे काम तिथूनच सुरू होते. वय काढताना सणावरून आणि हंगामावरून मागे जावे लागते: पोळ्याच्या करीले (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी), तुरी सोंगायच्या वक्ती.

चुका बहुधा तपशिलात होतात. यवतमाळ–मूर्तिजापूर अरुंद रेल्वे १९०० नंतरची. १९०० मध्ये यवतमाळच्या मायला गाडी धरायची तर बैलगाडीने धामणगाव गाठावे लागे. मजुरी आण्या-पैशांत मोजावी, कारण दशमान नाणी १९५७ मध्ये आली; धान्यही शेरात मोजावे. त्या काळच्या शेतात सोयाबीन दिसले की वाचक पुस्तक मिटतो. कपाशी, ज्वारी, तूर हवी.

बोलीचा प्रश्न वेगळा. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो (डोळा–डोया), पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत ‘र’ (डोरा). अकोल्याची आई आणि भंडाऱ्याला वाढलेले तिचे लेकरू पुढे भेटले तर दोघांच्या बोलण्यात हा फरक ऐकू यायला हवा. आई ‘माह्यं पोट्टं’ म्हणेल. तिच्या तोंडी ‘माझं बाळ’ घातले तर ती पुण्याची वाटते.