रिॲक्ट ॲपमधलं टॅग मॅनेजर

साइटवर कोण आलं, काय बघितलं, कुठलं बटन दाबलं हे मोजणारे जावास्क्रिप्टचे तुकडे म्हणजे टॅग, आणि दरवेळी डेव्हलपरच्या मागे न लागता ते बाहेरच्या पॅनेलमधून लावता-काढता यावेत म्हणून असतं ते टॅग मॅनेजर. गूगलचं टॅग मॅनेजर, बोलताना नुसतं जीटीएम, ऑक्टोबर २०१२ मध्ये आलं. टीलियमसारख्या कंपन्या आधीपासून हेच विकत होत्या, त्यामुळे शोध गूगलचा नाही, फुकट मिळालं म्हणून पसरलं एवढंच.

टॅगना लागणारी माहिती साइटने एका ठरलेल्या जागी ठेवायची, ही ‘डेटा लेयर’ची कल्पना मुळात कुणाची हे मात्र एका वाक्यात सांगता येत नाही. डब्ल्यूथ्रीसी, म्हणजे वेबची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या एका कम्युनिटी ग्रुपचा डिसेंबर २०१३ चा अहवाल बऱ्याचदा पुढे केला जातो, त्यात पानाची सगळी माहिती ‘डिजिटलडेटा’ नावाच्या एका ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे नावांसकट व्हॅल्यूंच्या एका गठ्ठ्यात, ठेवायची असं आहे. पण जीटीएमचा ‘डेटालेयर’ त्याच्या आधीचा, आणि तो ॲरे म्हणजे यादी आहे, घडेल तसं तिच्यात पुश करत, म्हणजे नवीन नोंद टाकत, जायचं. अहवालाने चालू पद्धतीला नियमात बसवलं असं म्हणणं जास्त पटतं. स्क्रीनचे छोटे तुकडे म्हणजे कंपोनंट जोडून बनवलेल्या ॲपमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो, कारण ऑब्जेक्ट पान लोड होतानाचं चित्र सांगतो आणि इथे तर पान एकदाच लोड होतं.

रिॲक्ट ही कंपोनंटमधून स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी मे २०१३ मध्ये ओपन सोर्स झाली. अशा ॲपमध्ये राउटर, म्हणजे कुठली स्क्रीन दाखवायची ते ठरवणारा भाग, ब्राउझरच्या पुशस्टेटने नुसती यूआरएल बदलतो, रीलोड होत नाही, म्हणून युजर दहा स्क्रीन फिरला तरी जीटीएमचा साधा पेजव्ह्यू ट्रिगर, म्हणजे पान उघडलं की टॅग चालवणारी अट, एकदाच वाजतो. यावर एक उपाय म्हणजे जीटीएमचा, यूआरएल बदलली की वाजणारा हिस्टरी चेंज ट्रिगर, दुसरा म्हणजे राउट म्हणजे स्क्रीनचा पत्ता बदलल्यावर रिॲक्टच्या यूजइफेक्टमधून (असा बदल झाला की कोड चालवायची सोय) स्वतःचा इव्हेंट पुश करणं. पहिला सोपा आहे पण तो वाजतो तेव्हा पानाचं टायटल बऱ्याचदा जुनंच असतं, त्यामुळे दुसराच बरा, मात्र जीए४ (गूगल ॲनालिटिक्स ४, गूगलचं मोजणीचं टूल) मधलं आपोआप मोजणारं एन्हान्स्ड मेजरमेंटही चालू राहिलं तर दोन्ही उपायांत एकच पान दोनदा मोजलं जातं. रिॲक्ट १८ पासून स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुका पकडायची सेटिंग, डेव्हलपमेंटमध्ये कंपोनंट माउंट होतानाचे (पहिल्यांदा स्क्रीनवर येतानाचे) इफेक्ट मुद्दाम दोनदा चालवतो, तिथे डबल इव्हेंट दिसला म्हणून घाबरायचं नाही, प्रॉडक्शनमध्ये तसं होत नाही.

अजून एक गोची, पुश केलेली व्हॅल्यू जीटीएम पान रीलोड होईपर्यंत लक्षात ठेवतं आणि रीलोड तर होतच नाही, मग आधीच्या प्रॉडक्टची माहिती पुढच्याला चिकटते. म्हणून दरवेळी आधी डेटालेयरमधली ‘ईकॉमर्स’ ही प्रॉडक्टची नोंद नल म्हणजे रिकामी करून मग नवीन पुश करायचं.

जीटीएमचा कोड एचटीएमएलच्या हेडमध्ये एकदाच टाकतात. बॉडीतला नोस्क्रिप्टवाला (जावास्क्रिप्ट बंद असेल तरच चालणारा) आयफ्रेम सगळे इमानदारीने पेस्ट करतात खरं, पण निव्वळ ब्राउझरमध्ये चालणारं ॲप जावास्क्रिप्ट बंद असेल तर मुळात दिसतच नाही. व्ह्यू आणि अँग्युलर या रिॲक्टसारख्याच साधनांमध्ये तत्त्व तेच. रिॲक्टवर उभारलेल्या नेक्स्टजेएसच्या थर्ड-पार्टीज पॅकेजमध्ये यासाठी तयार कंपोनंट मिळतो.