गुडघेबदल आणि १८० अंशांची रेघ

गुडघेबदल शस्त्रक्रियेआधी रुग्णाला उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक लांब एक्स-रे काढतात. त्यावर खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढायची आणि ती गुडघ्यात कुठून जाते ते पाहायचं. मधोमध गेली तर पाय सरळ, म्हणजे खुबा, गुडघा आणि घोटा यांच्यातला कोन १८० अंश. आतल्या बाजूने गेली तर पाय फेंगडा, बाहेरून गेली तर गुडघे एकमेकांकडे झुकलेले. एक्स-रे काढताना वाटी समोर हवी. पाय जरासा वळला किंवा गुडघा पूर्ण सरळ झाला नाही, तर हाड तेच राहून आकडा बदलतो.

ही रेघ एक्स-रेपेक्षा जुनी आहे. योहान मिक्युलिच या शल्यविशारदाने १८७८ मध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडांचे आकार माणसागणिक कसे वेगळे असतात यावर लिहिलं. रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले ते १८९५ मध्ये. आजही तिला मिक्युलिच रेषा म्हणतात. गंमत अशी, की ज्याचं नाव रेषेला दिलं त्याने माणसामाणसांतले फरक मोजले होते, आणि पुढे त्याच रेषेने सगळ्यांचे पाय एका मापात बसवले गेले.

सुरुवातीच्या कृत्रिम सांध्यांना अलाइनमेंटची, म्हणजे पाय रेघेत बसवण्याची, चैन परवडणारी नव्हती. जर्मन शल्यविशारद ग्लुकने १८९० च्या सुमारास क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यांत हस्तिदंती बिजागरी बसवली. जंतुसंसर्गाने ती टिकली नाही. १९५१ मधली वाल्डियसची रचनाही बिजागरीच. गुडघा नुसता दुमडत नाही, थोडा वळतोही. बिजागरीत तो पीळ थेट हाडावर यायचा आणि सांधा सैल व्हायचा. मग इंग्लिश शल्यविशारद चार्नलीच्या कृत्रिम खुब्याच्या सांध्यातून धातूवर प्लॅस्टिक आणि बोन सिमेंट ही जोडी आली आणि १९६८ मध्ये गन्स्टनने ती गुडघ्यात वापरली. १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल, रानावत आणि वॉकर यांनी ‘टोटल कॉन्डायलर’ गुडघा तयार केला. आजच्या बहुतेक गुडघ्यांचा वंश तिथून मोजता येतो.

त्याच दशकात नियम पक्का झाला: दोन्ही हाडं रेघेला काटकोनात कापायची. निसर्गाचा हिशेब वेगळा आहे. नडगीच्या हाडाचा माथा सरासरी तीनेक अंश आत कललेला असतो, मांडीच्या हाडाचं टोक तेवढंच उलट. मग काटकोन का? कारण हत्यारं ढोबळ होती. तीन अंशांचा कल ठेवायला जाऊन सहा झाला, तर सगळा भार आतल्या बाजूवर आणि नडगीवर बसवलेला कृत्रिम भाग सैल. काटकोनात चूक झाली तरी ती निभावून जायची. त्याची किंमत अस्थिबंधांनी, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांनी, मोजली: नवी मापं जुळवायला ते सोडवायचे, आणि मांडीचा कृत्रिम भाग बाहेरच्या बाजूला साधारण तीन अंश फिरवून बसवायचा. हंगरफोर्ड आणि क्रॅको यांनी १९८० च्या दशकात नैसर्गिक कल ठेवायचा आग्रह धरला, पण तो फारसा रुजला नाही.

१९९१ मध्ये जेफरी आणि सहकाऱ्यांनी ११५ गुडघ्यांचा हिशेब मांडला. रेघ सांध्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यातून गेली तिथे ३ टक्के सांधे सैल झाले, इतरत्र २४ टक्के. वाद मिटल्यासारखा झाला. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे संगणकाच्या मार्गदर्शनाने पहिला गुडघा बसवला गेला, तोही या रेघेवर अधिक नेमकं पोचण्यासाठी.

तडे नंतर गेले. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ३९८ गुडघे पंधरा वर्षांच्या हिशेबाने तपासले; १८० पासून तीन अंशांच्या आत बसलेले सांधे बाकीच्यांपेक्षा जास्त टिकले असं दिसलं नाही. २०१२ मध्ये बेलेमान्स यांनी दुखणं नसलेले २५० तरुण तपासले. ३२ टक्के मुलगे आणि १७ टक्के मुली मुळातच तीन अंश किंवा अधिक फेंगड्या होत्या. माझ्या मते खरा धक्का हा दुसरा होता. आयुष्यभर १७६ अंशांवर चाललेल्या माणसाला १८० वर आणलं, तर ती दुरुस्ती नव्हे, बदल झाला.

अडचण एवढीच, की शस्त्रक्रियेला येणाऱ्या माणसाचा मूळ पाय कुणी पाहिलेला नसतो. झीज आतल्या बाजूने झाली की फेंगडेपणा वाढतो, आणि वाढलेल्या फेंगडेपणाने झीज वाढते. २००१ च्या एका अभ्यासात फेंगड्या गुडघ्यांत १८ महिन्यांत आतली झीज पुढे सरकण्याची शक्यता सुमारे चौपट आढळली. मॅकडेसी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये यावर साधी वजाबाकी सुचवली. समजा, हाडाच्या स्वतःच्या अक्षाशी नडगीच्या माथ्याचा आतल्या बाजूचा कोन ८५ आणि मांडीच्या टोकाचा बाहेरच्या बाजूचा ८८. ८५ वजा ८८, म्हणजे मूळचा बाक तीन अंश. एक्स-रेत आज नऊ अंश दिसत असतील, तर उरलेले सहा कूर्चेच्या (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराच्या) झिजेचे आणि सैल पडलेल्या अस्थिबंधांचे. या दोन कोनांच्या वजाबाकीवरून आणि बेरजेवरून त्यांनी गुडघ्यांचे नऊ प्रकार पाडले. हाडच खचलं असेल, तर मात्र हा हिशेब चुकतो.

हॉवेल यांनी २००६ पासून जो मार्ग धरला, तोही मूळ पायाकडेच जाणारा. कापलेला हाडाचा तुकडा कॅलिपरने मोजायचा, करवतीच्या पात्याने खाल्लेला सुमारे एक मिलिमीटर आणि झिजलेल्या कूर्चेचे सुमारे दोन त्यात धरायचे, आणि बेरीज बसवायच्या भागाच्या जाडीएवढी येते का ते पाहायचं. सगळ्यांना एवढी मोकळीक मान्य नाही. व्हेंडिटोली यांच्या मर्यादित पद्धतीत हाडांचे कोन काटकोनापासून पाच अंशांपर्यंत हलू देतात. पूर्ण पायाला मात्र १७७ ते १८३ चीच हद्द आहे, म्हणजे पुन्हा ते जुने तीन अंश.