पार्श्वभूमी: विट्याच्या मागावरचे आकडे

"४० बाय ४०, ६० बाय ५२, पन्हा ४८." व्यापाऱ्याने फोनवर एवढं सांगितलं की सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या यंत्रमागवाल्याला पुढे काही विचारावं लागत नाही. पहिले दोन आकडे ताण्याच्या (उभ्या) आणि बाण्याच्या (आडव्या) सुताचे काउंट, म्हणजे सूत किती बारीक ते. पुढचे दोन म्हणजे एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती. आडव्या धाग्याला इथे सगळे 'पीक'च म्हणतात. शेवटचा आकडा रुंदीचा, तोही इंचात.

माण, आटपाडी, जतकडच्या घोंगडीला असले आकडे कधी लागले नाहीत. घोंगडी विणणारा सनगर खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागावर, अरुंद पट्टी विणतो, ताण्याला चिंचोक्याची खळ देतो आणि पट्ट्या जोडून घोंगडी करतो. लोकर धनगराच्या मेंढरांची, घेणाराही बहुधा ओळखीतला. हात फिरवला की जाडी कळते, आणि भाव त्यावरच ठरतो. कधी न पाहिलेल्या गिरणीतून, शिवलेल्या गठ्ठ्यातून सूत यायला लागलं, तेव्हा नुसता हात फिरवून भागेना.

काउंटचा हिशेब लँकेशायरचा, म्हणजे इंग्लंडमधल्या मँचेस्टरभोवतीच्या कापड गिरण्यांच्या मुलखाचा. दीड यार्ड घेराच्या फाळक्यावर (सूत गुंडाळायच्या चाकावर) सुताचे ८० फेरे घेतले की १२० यार्डांची एक 'ली' होते. अशा सात ली मिळून ८४० यार्डांची एक लडी. एका पौंडात जितक्या लड्या बसतील, तितका त्या सुताचा काउंट. २० काउंटचं एक पौंड सूत उलगडलं तर १६,८०० यार्ड भरेल, ४० काउंटचं ३३,६००. म्हणून आकडा वाढेल तसं सूत बारीक होतं. नव्या माणसाचा गोंधळ होतो तो इथेच.

या आकड्यावरून एकदा सरकारी कर बसला होता. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी काढली, आणि पुढच्या चाळीस वर्षांत देशी गिरण्या लँकेशायरच्या डोळ्यांत खुपू लागल्या. तिजोरीत खडखडाट म्हणून सरकारला परदेशी कापडावर ५ टक्के आयातकर लावावा लागला. त्यावर मँचेस्टरवाले ओरडले. तोड म्हणून १८९४ मध्ये देशी गिरण्यांच्या सुतावरही ५ टक्के अबकारी कर बसवला गेला, पण तो फक्त २० काउंटच्या वरच्या सुतावर. आपल्याकडच्या कापसाचा तंतू आखूड, त्यातून जाडंभरडं सूतच निघायचं. बारीक सुताचा बाजार लँकेशायरचा होता आणि त्या बाजारात देशी गिरण्यांनी शिरू नये, हा कराचा सरळ अर्थ. दोन वर्षांत पद्धत बदलली: सूत मोकळं झालं आणि गिरणीत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के कर आला. तो जायला १९२५ साल उजाडलं. विलायती कापडाच्या होळ्यांबद्दल आपण शाळेत शिकतो, या २० काउंटच्या रेषेबद्दल मात्र कुणी बोलत नाही. माझ्या मते होळ्यांमागची चीड समजायला ही रेषा जास्त उपयोगी आहे.

यंत्रमाग या भागात आला तो शेजारच्या इचलकरंजीत. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठिंब्यावर विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला माग बसवला. विट्यासारख्या गावांनीही पुढे तीच वाट धरली. तिकडे सातारा-सांगलीतली कितीतरी माणसं मुंबईच्या गिरण्यांत राबत होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने त्यांची घरं बसली. विणकाम गिरण्यांकडून यंत्रमागांकडे आधीच सरकत होतं, त्याला मग आणखी जोर आला.

मागावर पैसा पिकात मोजतात. व्यापारी पीक ग्लास कापडावर ठेवतो. त्या भिंगाखाली बरोब्बर एक इंचाची खिडकी असते. सुईच्या टोकाने एकेक आडवा धागा सारत तो मोजतो, आणि ५२ च्या जागी ५० भरले की घासाघीस सुरू. व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर विणून देणाऱ्याला 'खर्चीवाला' म्हणतात. त्याचा दर मीटरमागे, इंचातल्या दर पिकाला इतके पैसे असा असतो. समजा दर ६ पैसे असेल, तर ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे ३ रुपये १२ पैसे. कामगाराची मजुरीही साधारण ५२ पिकाच्या मापावरच बोलली जाते. का, ते हिशेबात दिसतं: ५२ पिकाच्या एका मीटरला दोन हजारांवर धागे आडवे टाकावे लागतात. मिनिटाला दीडशे पिकांचा माग अजिबात न थांबता चालला तरी चौदा मिनिटं जातात. आणि न थांबणारा माग कुणी पाहिला आहे? धोट्यातली आडव्या सुताची कांडी संपते, धागा तुटतो, वीज जाते. पीक दुप्पट केलं की वेळही दुप्पट, म्हणून नुसत्या मीटरवर मजुरी ठरवली तर विणणारा बुडालाच.

१९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली. सूत किलोवर आणि कापड मीटरवर विकलं जाऊ लागलं, पण काउंटमधला पौंड आणि पिकातला इंच जागचे हलले नाहीत. जगाने पुढे टेक्स हे माप मानलं: हजार मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. प्रयोगशाळेच्या अहवालात ते दिसतं, मागावर नाही. पॉलिस्टरने मात्र आपला डेनिअर आणलाच. ९,००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये, म्हणजे इथे आकडा वाढला की धागा जाड. त्यामुळे कापूस आणि पॉलिस्टर एकाच मागावर आले की ५,३१५ ला डेनिअरने भागून काउंट काढावा लागतो. १५० डेनिअर म्हणजे सुमारे ३५ काउंट, ७५ म्हणजे ७१ च्या आसपास.