पिवळी खूण सोडू नका: तुरेनच्या पायवाटांवर निघणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

बुकिंग पक्कं झालं की वाटांची छापील वही आणि हॉटेलांचे पत्ते यांच्याबरोबर हे पत्रक आम्ही पाठवतो. फ्रान्समधला, ल्वार नदीच्या खोऱ्यातला तुरेन हा प्रदेश चालायला सोपा आहे. चढ थोडे, वाटा रुंद, आणि एका गावाच्या चर्चचं टोक मागे पडतं तोवर पुढच्या गावाचं दिसू लागतं. राजगड-तोरणा केलेल्यांना इथे दम लागणार नाही, आणि गुडघ्याची तक्रार असलेल्या आजी-आजोबांनाही निम्म्या वाटा झेपतात. तरीसुद्धा दर हंगामात आम्हाला एकाच कारणासाठी फोन येतात: "रंगाच्या खुणा बघत बघतच आलो, पण हे गाव वहीत नाही." तेव्हा बाकी सगळं नंतर, आधी खुणांचं बोलू.

आपल्याकडे डोंगरात दगडावर रंग दिसला की वाट बरोबर आहे असं आपण धरतो. बाण असो, ठिपका असो, रंग म्हणजे वाट. फ्रान्समध्ये हे चालत नाही. तिथे रंगालाही अर्थ आहे आणि आकारालाही. पिवळी एकच आडवी पट्टी म्हणजे स्थानिक, बहुधा फिरून मूळ जागी येणारी छोटी वाट. तुमच्या वहीतल्या जवळजवळ सगळ्या वाटा याच आहेत. पांढरी आणि तिच्याखाली लाल अशा दोन पट्ट्या म्हणजे लांब पल्ल्याची वाट. पिवळी-लाल जोडी म्हणजे एखाद्या प्रदेशाला वळसा घालणारी, कित्येक दिवसांची वाट. नारिंगी खूण घोडेस्वारांची, आणि त्रिकोणाशेजारी दोन गोल असतील तर ती डोंगरी सायकलींची. निळ्या पाटीवर पिवळा शिंपला दिसला तर ती स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी तीर्थवाट. या सगळ्या खुणा एकाच खांबावर एकाखाली एक असू शकतात.

आता आकार. पट्टी सरळ आडवी असेल तर सरळ जा. वळलेली असेल किंवा खाली बाण असेल तर त्या बाजूला वळा. आणि फुली असेल तर ती वाट तुमची नाही. चुकतं ते इथेच. फुली साधारण फाट्यापासून काही पावलं आत, चुकीच्या वाटेवर पहिल्याच झाडावर किंवा विजेच्या खांबावर असते. बोलत बोलत चालणाऱ्या माणसाला डोळ्याच्या कोपऱ्यातून फक्त पिवळा रंग दिसतो. "हां, खूण आहे," म्हणून तो पुढे जातो. पावसात सालीवरचा रंग उडालेला असेल, तर फुलीचा एकच हात उरतो आणि ती थेट पट्टीसारखी दिसते. म्हणून फाट्यावर थांबा, खुणेच्या जवळ जा आणि नीट बघा. यात अर्धा मिनिट जातो. न बघितल्याचे दोन तास जातात, कारण भलत्या गावातून परतीची बस नसते.

दुसरी चूक पांढऱ्या-लाल पट्टीची. लांब पल्ल्याची जी-आर 3 ही वाट ल्वारच्या उगमाकडून समुद्राकडे नदीची सोबत करत जाते. फ्रान्समधली या प्रकारची ही पहिली वाट, तिचा पहिला टप्पा 1947 साली ओर्लेआंजवळ आखला गेला. तुरेनमध्ये कित्येक ठिकाणी तुमची पिवळी वाट आणि जी-आर 3 काही अंतर एकत्र जातात. दोन रंगांची खूण डोळ्यांत भरते, माणूस नकळत तिचाच माग धरतो, आणि पिवळी वाट डावीकडे द्राक्षमळ्यांत शिरली हे लक्षातच येत नाही. एकत्र वाटा जिथे सुटतात ती प्रत्येक जागा वहीत चौकटीत छापली आहे. ती चौकट आली की पुढचा फाटा येईपर्यंत गप्पा बंद ठेवा, एवढी विनंती.

नियम एकच पाळा. 10 मिनिटं चालून खूण दिसली नाही तर परत शेवटच्या खुणेपाशी या. "पुढे दिसेल," "नकाशावर वाट दिसतेय की," असं म्हणून पुढे जाऊ नका. परत फिरायच्या आधी मात्र एकदा मान वळवून मागे पाहा. खुणा दोन्ही दिशांनी येणाऱ्यांसाठी रंगवलेल्या असतात, त्यामुळे पुढे न दिसलेली खूण मागे वळल्यावर झाडाच्या दुसऱ्या अंगाला सापडते. रस्त्यावरच्या पाट्यांच्या पाठी आणि पुलांचे कठडेही बघा.

अडकलातच तर आम्हाला "आम्ही कुठे आहोत?" असं विचारू नका. शेवटी दिसलेल्या खुणेचा फोटो, किती वाजता दिसली ती वेळ आणि वहीतला शेवटचा ओलांडलेला क्रमांक, एवढं पाठवा. फोनवरचं ठिकाण आम्हाला तुम्ही कुठल्या शेतात उभे आहात हे सांगतं, कुठल्या फाट्यावर चुकलात हे सांगत नाही. उन्हाळ्यात तिथे संध्याकाळचे 6 म्हणजे इथे रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. आम्ही फोन उचलतो, पण उजेड तुमच्याकडचा संपतो. तातडीची मदत लागली तर 112 लावा.

वही कागदाचीच का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नकाशा फोनवर फुकट मिळतो, मग छापील वही कशाला आणि तिचे पैसे कशाचे? फोनचा नकाशा जरूर घ्या, हॉटेलच्या वायफायवर आदल्या रात्री उतरवून ठेवा. पण आंब्वाज गावाजवळच्या जंगलात रेंज जाते, उन्हात पडदा दिसत नाही, आणि दिवसभर फोटो काढून संध्याकाळी बॅटरी संपते. शिवाय नकाशावरची प्रत्येक रेघ चालण्यासाठी मोकळी नसते, काही रेघा एखाद्याच्या मळ्याच्या फाटकापाशी संपतात. वहीत आम्ही देतो ते नकाशात नसतं: तुमच्या तारखेला कुठली बस धावते, कुठली बेकरी सोमवारी बंद, पिण्याचं पाणी कुठे, चिखल कुठल्या टप्प्यात. हे जुळवण्यातच आमचे दिवस जातात. पैसे त्याचे आहेत.

बसचं वेळापत्रक तर नीट समजून घ्यावं असंच आहे. खेड्यांतल्या बऱ्याच बस शाळेच्या मुलांसाठी धावतात. शाळेला सुटी लागली की त्या नाहीत, रविवारी नाहीत, आणि बुधवारी शाळा लवकर सुटते म्हणून वेळ वेगळी. आपल्याकडची मंडळी मे महिन्यात जातात, आणि मे महिना फ्रान्समध्ये सुट्यांनी भरलेला: 1 मे, 8 मे, शिवाय ईस्टरनंतर 40 दिवसांच्या हिशेबाने येणारा एक गुरुवार. 1 मे रोजी कित्येक शहरांत बससेवाच बंद असते. तारखा बदलायच्या असतील तर आधी आम्हाला विचारा, कारण एक दिवस सरकला की आख्खी वही बदलते. खेड्यातली टॅक्सी रस्त्यावर हात करून मिळत नाही, आदल्या दिवशी ठरवावी लागते. सांगितलंत तर आम्ही ठरवून ठेवतो.

वहीतल्या वेळा ताशी 4 किलोमीटरने धरल्या आहेत, थांबे सोडून. लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर दीडपट वेळ धरा.

कुठून सुरुवात करावी

पहिल्या दिवशी तूर शहरातच चाला. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून वेगवान गाडीने सवा तासाच्या आत पोहोचता येतं. पण पुष्कळ गाड्या शहरात न शिरता शेजारच्या सें-पिएर-दे-कोर स्थानकावरच थांबतात. तिथे उतरून 5 मिनिटांची जोडगाडी पकडायची. "तूर अजून आलं नाही" म्हणून बसून राहिलात तर गाडी पुढे दूरवर घेऊन जाते. तूरच्या स्थानकाचा दर्शनी भाग व्हिक्टर लालू यांनी बांधला, 1898 सालचा. पॅरिसचं ओर्से स्थानकही त्यांचंच. तिथून सें-गातियां कॅथीड्रल, शेजारच्या कलासंग्रहालयाच्या अंगणातलं 1804 साली लावलेलं देवदाराचं झाड, मग नदीकाठ, आणि शेवटी लाकडी चौकटींच्या घरांचा प्लुमरो चौक. सगळी वाट सपाट, तीन तासांत आरामात होते. नदीवरचा जुना दगडी पूल 1978 साली काही भाग कोसळल्यावर पुन्हा उभारलेला आहे. ल्वारच्या वाळूने भरलेल्या तळाचा भरवसा किती, हे त्यावरून समजतं. नदी उथळ आणि शांत दिसते म्हणून पाण्यात उतरू नका. वाळूचे दांडे पायाखालून सरकतात, भोवरे असतात, आणि पोहायला बंदी आहे. वसंतात आणि उन्हाळ्यात दांड्यांवर सुरय पक्षी अंडी घालतात, तेव्हा तिथे पाऊलही ठेवायचं नाही.

आंब्वाजला स्थानक उत्तर काठावर आणि गाव दक्षिण काठावर, मधे बेट. पूल ओलांडून जायला 15-20 मिनिटं लागतात, ती हिशेबात धरा. लिओनार्दो दा विंची 1519 साली इथेच वारले. किल्ल्याच्या आवारातल्या छोट्या चॅपेलमध्ये त्यांची समाधी आहे. गर्दी तिथेच संपते. गावाच्या दक्षिणेला सुमारे 3 किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला शांतलूचा सात मजली, 44 मीटर उंच पॅगोडा आहे. इथला राजवाडा पाडला गेला, हा एकटा उरला. जाऊन-येऊन ही अर्ध्या दिवसाची वाट आमच्या मते आंब्वाजमधली सर्वांत चांगली.

शनोंसोचं तिकीट काढताना लक्षात ठेवा: गावाच्या आणि स्थानकाच्या नावाला शेवटी एक्स अक्षर आहे, किल्ल्याच्या नावाला नाही, उच्चार एकच. स्थानक किल्ल्याच्या दारातच आहे. गाड्या मात्र मोजक्या. किल्ला आतून बघून झाला की शेजारच्या शीसो गावाच्या पुलावरून शेर नदी ओलांडा आणि दक्षिण काठाने मागे या. नदीवर कमानींवर उभा असलेला तो लांब दिवाणखाना समोरून, तिकिटाशिवाय आणि गर्दीशिवाय दिसतो तो इथूनच. दुसऱ्या महायुद्धात ही नदी म्हणजे जर्मनव्याप्त आणि बिनव्याप्त फ्रान्समधली सीमा होती. दिवाणखान्याचं एक दार या तीरावर, एक त्या.

कांद-सें-मार्तां आणि मोंसोरो ही जुळी गावं. व्हिएन नदी इथे ल्वारला मिळते, आणि चर्चमागच्या उभ्या गल्लीने वर चढलात की दोन्ही पाणी शेजारी शेजारी वाहताना दिसतात. 397 साली संत मार्तां इथे वारले. दोन गावांमधून प्रांताची हद्द जाते. त्यामुळे कांदची बस एका प्रांताच्या वेळापत्रकात आणि मोंसोरोची दुसऱ्याच्या. कांदच्या थांब्यावर मोंसोरोची बस शोधणारे आमचे ग्राहक दरवर्षी निघतात. शिनोंला 1429 साली जोन ऑफ आर्क राजाला भेटली, तो किल्ला आणि व्हिएनचा काठ एका दिवसात होतो.

"एका दिवसात दोन किल्ले आणि एक वाट बसवा ना," असं पुष्कळ जण म्हणतात. आम्ही बसवत नाही. दुपारी तिकीटखिडकीवर रांगेत उभं राहून मग धावत बस गाठण्यासाठी कोणी चालायला जात नाही.

डबा, पाणी, कपडे

खेड्यात जेवण 12 ते दीड-दोन. त्यानंतर स्वयंपाकघर बंद. सकाळी बेकरीतून ब्रेड घेऊन निघा. इथलं सेंत-मोर हे बकरीच्या दुधाचं लांबुळकं चीज, बाहेरून राखेने करडं, मधून एक गवताची काडी आरपार घातलेली. अस्सल असेल तर त्या काडीवर बनवणाऱ्याची खूण कोरलेली असते. कापण्याआधी काडी ओढून काढायची. फुए ही लाकडाच्या भट्टीत भाकरीसारखी टम्म फुगणारी छोटी रोटी, तिच्यात सारण भरून देतात. बीन्सचं किंवा चीजचं मागा, कारण रियेत म्हणजे बहुधा डुकराचं मांस. किश लोरेनमध्येही डुकराचं मांस असतं. कडक शाकाहारींनी हेही जाणून घ्यावं की फ्रान्समधलं पारंपरिक चीज बहुधा रेनेटने, म्हणजे वासरासारख्या जनावराच्या पोटातून काढलेल्या द्रव्याने, विरजतात. आहाराचे नियम बुकिंगच्या अर्जातच लिहा, हॉटेलांना फ्रेंचमध्ये आम्ही कळवतो.

माणशी दीड लिटर पाणी, जुलै-ऑगस्टमध्ये दोन. नदीच्या बंधाऱ्यावर सावली नाही. खडकात कोरलेल्या गुहा मे महिन्यातही 12 अंशांच्या आसपास थंड, तेव्हा एक जाकीट हवंच. हा पांढरा तुफो दगड ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो, गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. उंच गवतातून आल्यावर पायांवर गोचीड बघा. सप्टेंबरच्या अखेरीपासून पुढे जाणाऱ्यांनी भडक रंगाचा सदरा घालावा, जंगलात शिकारीचा हंगाम असतो, आणि शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर त्या वाटेवर जाऊ नये.

निघण्याच्या तीन आठवडे आधी आम्हाला तीन गोष्टी कळवा: बरोबर कोण कोण आहे आणि त्यांची वयं, आहार, आणि रोज किती तास चालायचं आहे. सध्याच्या वहीत तारखा छापल्या की पुढे बदल करायला आम्हाला चार दिवस लागतात.