हललेला फोटो वेगळा, रोलिंग शटर वेगळं

लहान ड्रोनला अ‍ॅक्शन कॅमेरा लावून नकाशा करायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: "रोलिंग शटरचा त्रास होतोय? शटर स्पीड वाढव." दोन वेगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध, आणि त्यातल्या एकाला ते लागूच पडत नाही.

हललेला फोटो सगळ्यांच्या ओळखीचा. शटर उघडं असताना कॅमेरा सरकला की कडा पुसट होतात. ड्रोन सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल आणि शटर १/१००० असेल, तर तेवढ्यात तो १ सेंटिमीटर सरकतो. ६० मीटर उंचीवरून १२ मेगापिक्सेलच्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जमिनीवर साधारण ३ सेंटिमीटर व्यापतो. म्हणजे पिक्सेलचा तिसरा हिस्सा. विषय संपला. उजेड कमी असेल तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, चढवा. थोडा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, परवडतो.

आता रोलिंग शटर. यात सेन्सरच्या सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपल्या जात नाहीत. आधी वरची, मग तिच्याखालची, असं करत शेवटची. प्रत्येक ओळीला उजेड मिळतो १/१००० सेकंदच, पण पहिल्या ओळीची पाळी आणि शेवटच्या ओळीची पाळी यांत वेळ जातो. तो रीडआउट. समजा तो ३० मिलिसेकंद आहे. तेवढ्यात ड्रोन ३० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे तब्बल १० पिक्सेल! शटर १/४००० केलंत तरी रीडआउट तेवढाच राहतो, कारण तो ठरतो सेन्सरमधली माहिती किती भरभर वाचली जाते त्यावर. वर फसगत अशी, की फोटो मोठा करून पाहावा तर कडा रेखीव दिसतात.

फोटोग्रामेट्रीचं, म्हणजे अनेक फोटो जुळवून नकाशा करण्याचं, साधं गणित धरून चालतं की एक फोटो एकाच जागेवरून, एकाच कोनातून घेतला आहे. इथे वरची ओळ एका जागेवरून आणि खालची हातभर पुढून. मग सॉफ्टवेअर ही तफावत फोकल लेंग्थमध्ये, लेन्सच्या वक्रतेत, कॅमेऱ्याच्या जागेत, जिथे मावेल तिथे कोंबतं. सपाट मैदान मधे फुगू शकतं. वाऱ्यामुळे वेग बदलला, ड्रोन डुलला, की फोटोगणिक चूकही बदलते. म्हणून एकदा केलेलं लेन्सचं कॅलिब्रेशन, म्हणजे तिच्या वक्रतेचं मोजमाप, इथे पुरत नाही.

"उंच उडव" हाही अर्धवट सल्ला. उंची दुप्पट केली की १० पिक्सेलचे ५ होतात खरे, पण पिक्सेलच दुप्पट मोठा झाला; जमिनीवरचे ३० सेंटिमीटर तिथेच.

खरे उपाय मोजके. वेग निम्मा करा, चूक निम्मी होते. थांबून फोटो घेतलात तर जवळजवळ जाते, बॅटरी मात्र खाते. मेटाशेप, पिक्स४डी आणि ओपनड्रोनमॅप या नकाशा करणाऱ्या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये रोलिंग शटरची दुरुस्ती आहे. ती जरूर चालू करा. मोजमापाचं काम नेहमीचंच असेल तर मी मेकॅनिकल शटरच, म्हणजे सगळा सेन्सर एकदमच टिपणारं, घेईन. २०१६ च्या फँटम ४ प्रो या ड्रोनमध्येही ते होतं.

फिशआयला, म्हणजे कडेला सगळं वाकवणाऱ्या अतिरुंद लेन्सला, लोक उगाच घाबरतात. लेन्सची वक्रता फोटोगणिक बदलत नाही, सॉफ्टवेअरमध्ये फिशआय मॉडेल निवडलं की ती सुटते. मला खरी चीड आहे ती इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशनची. ते हादरे लपवायला प्रत्येक फ्रेम वेगळी कापतं आणि वळवतं, म्हणजे दर फोटोला जणू नवा कॅमेरा. ते बंद करा. व्हिडिओतून फ्रेम काढायचा आळसही सोडा आणि टाइमलॅप्सने फोटो घ्या.

रीडआउटचा आकडा खोक्यावर छापलेला नसतो, पण मोजता येतो. सेकंदाला ५०० वेळा लुकलुकणाऱ्या एलईडीने सगळी फ्रेम भरेल असा, जलद शटरवर फोटो घ्या. दर २ मिलिसेकंदांनी एक लुकलुक, म्हणून उजळ पट्टे १५ आले, तर रीडआउट ३० मिलिसेकंद.